नामंजूर केला कुणी?

कागलात मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. निवृत्तीनंतर लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, आलेली पत्रं वाचून घ्यायला येतात. गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. नवरा वारल्यावर मासिक मदतीसाठी तिनं अर्ज केला होता, त्याचं उत्तर हातात होतं. मी वाचून दाखवलं : ‘जन्मतारखेत तफावत आढळून आल्याने आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’

ती म्हणाली, “गुरुजी, खरं नामंजूर केला कुणी?”

कागद दोनदा वाचला. उत्तर त्यात नव्हतं. तेव्हापासून दुकानांच्या पाट्या, नोटिसा, बिलं, मोबाईलवरचे निरोप यांतली क्रियापदं मी वहीत उतरून घेऊ लागलो.

मराठीत कर्मणी प्रयोग पूर्वीपासून आहे. ‘अध्यक्षांनी सभा तहकूब केली’ या साध्या वाक्यात क्रियापद ‘सभे’प्रमाणे चालतं, अध्यक्षांप्रमाणे नाही. म्हणजे वाक्य कर्मणीच आहे. पण अध्यक्ष ‘नी’ लावून जागेवर उभे आहेत. त्याहून जुना कर्मणी ‘कीजे’, ‘बोलिजे’ असा होता. त्याचे अवशेष आपण रोज वापरतो, ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’.

‘अध्यक्षांकडून सभा तहकूब केली गेली’ हे वळण मात्र वेगळं. शाळेच्या व्याकरणात त्याला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात आणि इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसच्या धर्तीची रचना म्हणून शिकवतात. मीही तसंच शिकवलं. या वाक्यातला ‘अध्यक्षांकडून’ काढून टाकला तरी वाक्य लंगडत नाही. ‘सभा तहकूब केली गेली’, आणि तिथून ‘तहकूब करण्यात आली’. कर्ता कधी उठून गेला ते कळतही नाही.

इंग्रजी कारभारात हे वळण मुरलेलं होतं. १९६० साली मराठी भाषकांचं राज्य झालं, भाषा संचालनालय निघालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. दफ्तर मराठी झालं. शब्द बदलले, पण वाक्यांचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजीच राहिला : ‘याद्वारे कळविण्यात येते की’, ‘कारवाई करण्यात येईल’. दफ्तरातून हे वळण सोसायटीच्या फळ्यावर गेलं, लग्नपत्रिकेत गेलं. ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं छापणाऱ्या घरचा बाप तोंडानं मात्र म्हणतो, “आम्ही आहेर घेणार न्हाई.”

याच गावात दुसरंही लिहिणं चालतं. खरेदीखत उघडा. पहिल्याच पानावर ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ नावागावानिशी, वयासकट हजर असतात. जिथं जमीन जाते, तिथं भाषा कर्त्याला सोडत नाही.

आता मोबाईलमधून इंग्रजी क्रियापदंच थेट येतात. मराठी त्यांना तशीच घेत नाही. सबमिट, कॅन्सल, रिजेक्ट यांना आधी नामासारखं बसवते आणि पुढं आपलं ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडते. काळ, लिंग, वचन सगळं या दोघांनी वाहायचं. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे या आपल्या जोड्यांचं काम इथं ‘झालं’ आणि ‘केलं’ करतात. मोबदला मोठा आहे : ‘बुकिंग कॅन्सल केलं’ म्हटलं की माणूस दिसतो, ‘कॅन्सल झालं’ म्हटलं की जणू ग्लास आपोआप फुटला.

कर्ता वगळणं हा काही गुन्हा नव्हे. ‘मतमोजणी उद्या केली जाईल’ यात मोजणाऱ्यांची नावं कुणाला नको असतात. ‘पूल वाहून गेला’ यात माणूस शोधायचा तर तो निराळ्या चौकशीचा भाग. पण वाक्य वाचून ज्याला दाद मागायची आहे, त्याला कर्ता लागतो. अर्ज काही ग्लासासारखा फुटत नाही. तो कुणीतरी बघतं, कुणीतरी बाजूला ठेवतं. म्हणून माझी कसोटी त्या बाईचीच : वाक्याला ‘कुणी?’ विचारावं. उत्तराची गरज असून ते मिळत नसेल, तर वाक्य बदलावं.

ही कसोटी माझ्यावरच उलटली. तफावत कुठली हे पाहायला मी जुन्या शाळेत गेलो, १९७८ सालचं जनरल रजिस्टर काढून घेतलं. तिच्या नावापुढं जन्माचा महिना चुकलेला होता. अक्षर माझं होतं.

दुरुस्तीसाठी पत्र लिहायला बसलो. पेनातून उतरलं, ‘नोंद करतेवेळी अनवधानाने चूक झाल्याचे दिसून येते.’ वाचून पाहिलं. व्याकरण निर्दोष होतं. माझ्या वहीत उतरवून घेण्याजोगं वाक्य होतं ते. इतकी वर्षं मुलांकडून वाक्यं फिरवून घेतली, त्याचं फळ असं हाताशी आलं.

ते खोडलं. खाली लिहिलं, ‘ही तारीख मी चुकीची लिहिली.’ पुढं नाव, तेव्हाचा हुद्दा आणि सही.

त्या पत्रासह अर्ज पुन्हा गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा तिला वाचून दाखवण्याआधी मी त्यातलं क्रियापद बघणार आहे.