वाट्या, चिठ्ठ्या आणि डॉक्टर

कलाशाखेच्या वार्षिकात डॉक्टरांच्या नेमणुकांवर लेख कशाला, असे संपादकांनी विचारलेच. पहिले कारण माझी मावसबहीण. ताई एम.बी.बी.एस. झाली असून पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत जाण्याची तिची खटपट चालू आहे. दुसरे कारण असे की, तिचे भवितव्य ज्या यंत्राच्या हाती आहे, त्याला आजचे रूप एका अर्थशास्त्रज्ञाने दिले आहे. तेव्हा तृतीय वर्ष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यात नाक खुपसले तर वाचकांनी फार मनावर घेऊ नये.

अमेरिकेत डॉक्टर झालेल्याला स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यापूर्वी काही वर्षे रुग्णालयात राबावे लागते. त्याला रेसिडेन्सी म्हणतात. १९४० नंतरच्या दशकात या जागांसाठी मोठी बजबजपुरी माजली होती. चांगले विद्यार्थी हातचे जाऊ नयेत म्हणून रुग्णालये त्यांना पदवीच्या दोन-दोन वर्षे आधीच गाठू लागली. हे थांबावे म्हणून १९४५ पासून महाविद्यालयांनी ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची माहिती देणे बंद केले, तर नवीनच त्रास सुरू झाला. तार यायची: जागा देतो, काही तासांत होय की नाही ते कळवा. मनातल्या रुग्णालयाकडून उत्तर येण्यापूर्वीच बिचाऱ्याला समोर येईल ते पत्करावे लागे.

अखेर १९५२ साली सर्वांनी आपापल्या पसंतीच्या याद्या एका मध्यवर्ती कचेरीकडे द्याव्यात आणि जोड्या तिने लावाव्यात, असे ठरले. यातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. योजकांनी सुचवलेली पहिली पद्धत विद्यार्थ्यांनी बारकाईने तपासली आणि हाणून पाडली. तिच्यात अवघड ठिकाण पहिल्या क्रमांकावर लिहिणाऱ्याचे नुकसान होत असे, म्हणजे मनातले खरे लिहिणे महागात पडे. पद्धत बदलावी लागली. (आपल्याकडे प्रवेशाचे नियम विद्यार्थी वाचतात ते प्रवेश हुकल्यावर!)

पुढे १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी विवाह जुळवण्याच्या निमित्ताने हाच प्रश्न सोडवला. त्यांचे उत्तर आणि डॉक्टरांची पद्धत मुळात एकच आहे, हे १९८४ साली ॲल्विन रॉथ यांनी दाखवून दिले. मात्र त्या पद्धतीत विचारणा रुग्णालयाकडून होई, आणि विचारणाऱ्याच्या पदरात थोडे अधिक पडते. १९९८ पासून रॉथ व इलियट पेरान्सन यांनी ती उलटवली. आता विचारणा उमेदवाराकडून होते. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली नोबेल मिळाले. गेल २००८ मध्येच वारले होते.

आता ताईकडे वळतो. परदेशी पदवीधराला आधी त्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांची फी डॉलरांत. पहिल्या परीक्षेचे गुण २०२२ पासून देतच नाहीत, नुसते पास की नापास. त्यामुळे दुसरीच्या गुणांचे वजन वाढले. मग शेकडो नाही तरी कित्येक डझन ठिकाणी अर्ज. त्यांतून मुलाखतीची बोलावणी येतात, आणि खरी चाळणी इथेच असते, कारण जिथे मुलाखत नाही तिथे यादीत नाव लागणे जवळजवळ अशक्य. ताईला पाच बोलावणी आली. २०२० पासून मुलाखती बहुतेक संगणकाच्या पडद्यावरच होतात. तिकडे सकाळ, तेव्हा इकडे रात्र. ताई वरून कोट व खाली घरचीच सलवार अशा वेषात बैठकीच्या खोलीत बसे, आणि मावशीला मिक्सर लावायची बंदी असे.

मुलाखती संपल्यावर पसंतीची यादी भरायची होती. ताईला मनापासून आवडले होते ते एका मोठ्या शहरातले रुग्णालय, पण तिथे आपली डाळ शिजणार नाही असे तिला वाटे. एका लहान गावच्या रुग्णालयातून मात्र मुलाखतीनंतर आपुलकीचे पत्र आले होते. काकांचे मत ठाम होते: ‘‘गावचेच पहिले लिही. हातचे सोडून पळत्याच्या पाठी कशाला?’’ त्यांच्या डोळ्यांसमोर आपले अकरावीचे प्रवेश होते. तिथे पहिली पसंती मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. शिवाय परीक्षांसाठी भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम काढलेली. त्यांना जुगार नको होता.

मी स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या. एक मोठ्या शहराची, एक गावाची, एक तिसरीच. प्रत्येकीत एकच जागा. चिठ्ठ्या तीन: ताई, राम आणि श्याम. रामाची पहिली पसंती गाव, तो त्या वाटीत गेला, पण तात्पुरता. ताईने शहर मागितले, तिलाही तात्पुरते मिळाले. मग श्यामने शहर मागितले. शहराच्या यादीत श्याम ताईच्या वर होता, म्हणून ताईची चिठ्ठी बाहेर. आता ती गावाकडे गेली. काका म्हणाले, ‘‘बघ, राम आधीच बसलाय.’’ पण गावाच्या यादीत ताई रामाच्या वर होती. राम बाहेर, ताई आत. ताईने गाव कितवे लिहिले होते, हे गावाला कळतही नाही आणि त्याने फरकही पडत नाही. उशिरा आली म्हणून तिचा नंबर मागे जात नाही. सगळ्या चिठ्ठ्या थांबल्या की मगच जागा कायम होते.

‘‘आणि राम?’’ मावशीने विचारले. त्याला मी तिसऱ्या वाटीत टाकला. पण वाटीच उरली नसती तर तो ताटातच राहिला असता, हेही सांगितले. ताईने यादी मनातल्या क्रमाने भरली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी फक्त जागा मिळाली की नाही एवढेच कळते. कुठे, ते शुक्रवारी. ताईला सोमवारी संध्याकाळीच संदेश आला. जागा मिळाली नव्हती. त्यानंतर उरलेल्या जागांसाठी चार दिवसांची धावपळ असते, जास्तीत जास्त पंचेचाळीस ठिकाणी अर्ज करता येतो. तेही झाले. काही हाती आले नाही.

शुक्रवारी काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘गाव पहिले लिहिले असते तर?’’ मी पुन्हा एकदा सगळे मनात मांडून पाहिले. गावाला ती हवी असती, तर तिची पाळी आल्यावर गावाने तिला घेतलीच असती. नाही घेतली, त्या अर्थी त्यांच्या सगळ्या जागा तिच्या वरच्या उमेदवारांनी भरल्या, किंवा यादीत तिचे नावच नव्हते. पहिले लिहूनही तेच झाले असते. हे उत्तर बरोबर आहे. पण ते देताना माझा आवाज बरोबर नव्हता.

खरी गोष्ट अशी की, यंत्र जोड्या न्यायाने लावते, जागा निर्माण करत नाही. २०२४ साली तिथे सुमारे ४१,५०० जागा होत्या. तिथल्या एम.डी. महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी शंभरात त्र्याण्णवांहून अधिक जणांना जागा मिळाली. बाहेरून शिकून आलेल्या परदेशी नागरिकांपैकी शंभरात अठ्ठावन्नच्या आसपास. उरलेल्यांत ताईसारखे असतात. उलट बाजूही आहे: दुर्गम भागातल्या ज्या रुग्णालयाची जागा रिकामी राहते, ती अशी कोणतीही स्थिर पद्धत वापरली तरी रिकामीच राहते, हे रॉथ यांनी १९८६ मध्येच सिद्ध केले. आपल्याकडे खेड्यातल्या डॉक्टरांचा प्रश्न नुसते अर्जाचे नमुने बदलून सुटेल असे मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

ताईने या वर्षी पुन्हा अर्ज केले. मधल्या काळात ती एका रुग्णालयात काम करते आहे, कारण पदवीनंतर रिकामे गेलेले वर्ष मुलाखतीत हमखास विचारतात. या खेपेस आठ बोलावणी आली. यादी भरायची मुदत अजून आहे. परवा मावशीकडे गेलो, तर जेवणाच्या टेबलावर आठ वाट्या मांडलेल्या होत्या आणि काका चष्मा लावून चिठ्ठ्या कापत होते.