दगडी पाल्याची परीक्षा

घाटकोपरला रुळांच्या कडेने, भिंतीच्या फटीतून दगडी पाला उगवलेला दिसतो. लांब दांडी, टोकाला इवलंसं फूल. असल्फ्याच्या चढावर पोर गुडघ्यावर आपटलं की आजी तोच पाला तळहातावर चुरगळून जखमेवर पिळायची. हा पाला मूळचा अमेरिकेतला, हे आजीला सांगून पाहा!

पाला गुणी असेलही. पण रस किती पडला, किती वेळ टिकला, सोबत माती किती गेली, याचा हिशेब कोण ठेवतो? म्हणून प्रयोगशाळेत वनस्पतीचा अर्क कोलॅजनच्या जाळीत भरतात. कोलॅजन हे आपल्या त्वचेचंच मुख्य प्रथिन. त्याची तिपेडी रचना १९५४ साली मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. जनावरांच्या कातडीतून किंवा माशांच्या खवल्यांतून ते काढायचं, द्रावण गोठवायचं आणि निर्वातात सुकवायचं. बर्फ उडून जातो, भोकं उरतात. दिसायला अगदी पातळ कापून वाळवलेला खमण! त्या भोकांत पेशी शिरतात, अर्क हळूहळू झिरपतो.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २००४ साली हळदीतलं कर्क्युमिन असंच कोलॅजनच्या पापुद्र्यात घालून उंदरांवर तपासलं. जखमा लवकर आकसल्या. मात्र अशा प्रयोगांत दोन पेच असतात. नुसतं कोलॅजनही जखम भरायला मदत करतं. तेव्हा शेजारी अर्काविना जाळी लावलेली जखम नसेल, तर श्रेय हळदीचं की जाळीचं, कसं ठरवणार? दुसरं, उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, तो जखमेच्या कडा ओढून घेतो. माणसाची जखम बरीचशी नव्या त्वचेने भरावी लागते. उंदराच्या पाठीवरचे आकडे म्हणून फसवे.

जखमेवरच्या हळदीचं अमेरिकेने १९९५ साली दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवलं, याचा आपल्याला रास्त अभिमान. पण त्या लढाईत उपाय जुना असल्याचं सिद्ध झालं. तो किती लागू पडतो, हा मुद्दाच तिथे नव्हता.

तो प्रश्न खाटेजवळच सुटतो. सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानाची पट्टी तपासली. निष्कर्ष २००३ साली छापून आले. पानात अर्काची करामत शोधायची गरज पडली नाही. गुळगुळीत, मेणचट पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण कळवळत नाही.