दादाजींचे धान

विदर्भाचा पूर्व भाग हा धानाचा प्रदेश होय. या भागात, तसेच नागपूर-कामठीच्या बाजारांत, ‘एच. एम. टी.’ नावाचा बारीक तांदूळ सर्वांच्या परिचयाचा आहे. नाव घड्याळाचे, परंतु हा तांदूळ कोणत्याही कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत जन्माला आला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने तो निर्माण केला.

दादाजींचे शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते व जमीन होती अवघी दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या इतर धानाबरोबर कापून खळ्यावर नेल्या असत्या. दादाजींनी मात्र त्या जपून ठेवल्या आणि पुढील हंगामात त्यांचे दाणे वेगळे पेरले.

धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे निवडलेल्या रोपाचे गुण पुढील पिढीत बहुतांशी टिकून राहतात. मात्र त्यासाठी दर हंगामात उत्तम लोंब्याच बियाण्यासाठी राखाव्या लागतात. हे काम दादाजींनी अनेक वर्षे चिकाटीने केले. नवा तांदूळ पूर्वीच्या जातीहून बारीक आणि चवीला सरस ठरला. शेजाऱ्यांनी बी मागितले. दादाजींनी ते दिले. १९९० च्या सुमारास हे धान बाजारात आले, तेव्हा एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला दिले.

१९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाने हे बी नेले व १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एच. एम. टी.’ या नावाने ते प्रसारित केले. या नावात विद्यापीठ आले, घड्याळही आले. ज्याने ती लोंबी ओळखली तो शेतकरी मात्र आला नाही. पुढे २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला. तथापि त्यांच्या घरचे दारिद्र्य सरले नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी धानाच्या आणखीही अनेक जाती निवडून तयार केल्या होत्या.

नवी वस्तू निर्माण करण्यास विद्या व साधने लागतात, हे खरे; परंतु त्यांच्याही आधी लागते ती पाहणारी दृष्टी. ती दृष्टी कोणाजवळ असेल, हे त्याच्या पदवीवरून किंवा जमिनीवरून ठरत नाही. म्हणून असा मनुष्य आढळला, की त्याच्या श्रमाचे फळ घेताना त्याचे नाव व त्याचा वाटा त्याला देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते.