पहाटे तीनची शिट्टी

मे महिन्याच्या सुट्टीत हिमालयात पदभ्रमणाला जाऊन आलेली मुले जूनमध्ये शाळेत परततात, तेव्हा बर्फावरून घसरल्याच्या गमतीबरोबर एक तक्रार हमखास सांगतात. "सर, पहाटे तीनला शिट्टी वाजवून उठवायचे! बाहेर मिट्ट काळोख, बोटे गारठलेली, आणि गाइड एकच म्हणायचा, जल्दी चलो." एवढी घाई कशासाठी, हे मात्र त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. आम्हीही पहिल्यांदा गेलो तेव्हा ती छावणीची शिस्त असावी असेच समजलो होतो.

उदाहरण म्हणून सार पास घेऊ. हिमाचल प्रदेशातल्या पार्वती नदीच्या खोऱ्यातली, सुमारे ४,२०० मीटर उंचीवरची ही खिंड मराठी भटक्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. कसोल गावापासून (सुमारे १,५८० मीटर) टप्प्याटप्प्याने चढत नगारूच्या तळावर पोचायचे, दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडे बिस्करी थाचला उतरायचे. आपल्याकडे तेव्हा वैशाखवणवा पेटलेला असतो; तिथे वर नुकता वसंत लागलेला असतो. हिवाळ्यात साठलेला बर्फ वितळू लागलेला असतो, पण संपलेला नसतो. या ऋतूतले बहुतेक धोके या अर्धवट वितळण्यातून येतात, आणि ते घड्याळाप्रमाणे बदलतात.

आधी तापमानाचा हिशेब करू. उंची १,००० मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. कसोल ते खिंड हा फरक २,६०० मीटरांचा, म्हणजे सुमारे १७ अंशांचा. कसोलला दुपारी २८ अंश असतील तर खिंडीत ११. पहाटे कसोलला १० असतील तर खिंडीत उणे ७. हा ढोबळ हिशेब आहे; वारा आणि ढग तो सहज बिघडवतात. पण त्यातून एक गोष्ट कळते. खिंडीतला बर्फ रोज शून्य अंशाची रेषा दोनदा ओलांडतो, रात्री खाली आणि दिवसा वर.

आता गोळेवाल्याची गाडी आठवा. किसलेला बर्फ मोकळा असताना चमच्याने सहज उचलता येतो. त्यावर थोडे पाणी शिंपडून तो रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, तर सकाळी त्याची वीट झालेली असते. कणांमधले पाणी गोठून कण एकमेकांना सांधले जातात. वसंतातल्या बर्फाचे रोज हेच होते. दिवसा तो ओला, भरड साखरेसारखा मोकळा होतो. रात्री त्यातले पाणी गोठते आणि वर एक कडक कवच तयार होते. पहाटे या कवचावरून माणूस पाय न रुतता चालू शकतो.

हे कवच तयार होण्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. बर्फ आपल्या डोळ्यांना पांढराशुभ्र दिसतो, कारण दृश्य प्रकाशाचा बराचसा भाग तो परत फेकतो. अवरक्त किरणांच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ काजळीसारखा वागतो; ते किरण उत्तम रीतीने बाहेर टाकतो. रात्र निरभ्र असेल तर त्याची उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते. त्यामुळे आजूबाजूच्या हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असले तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठू शकतो. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो. तेवढाच उष्मा सकाळच्या उन्हाला परत द्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. गाइडने मागून घेतलेली वेळ हीच.

पण रात्र ढगाळ असेल तर? ढग तेच अवरक्त किरण अडवतात आणि पुन्हा खाली पाठवतात. गोधडी पांघरल्यासारखे होते आणि कवच धरत नाही. म्हणून ढगाळ, उबदार रात्रीनंतर पहाटे तीनला निघूनही उपयोग नसतो. आमच्या मते तुकडी नेणाऱ्या शिक्षकांनी गाइडला विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे : "रात्री बर्फ धरला का?" एका वर्षी आमच्या गाइडने पहाटे काठी रुतवून पाहिली, मान हलवली आणि आम्हाला दिवसभर नगारूलाच बसवून ठेवले. मुले हिरमुसली. आम्हीही थोडे वैतागलो होतो, हे कबूल करायला हवे.

दहा-अकराच्या सुमारास कवच सैलावू लागते. पूर्वेकडचे उतार आधी, पश्चिमेकडचे मागाहून. वरचा इंच-दोन इंचाचा थर मऊ झालेला आणि खाली अजून घट्ट, अशा वेळी मुलांची ती प्रसिद्ध घसरगुंडी होते. त्याआधी, कवच काचेसारखे असताना घसरलात तर थांबता येत नाही. म्हणून तर गाइड पायऱ्या खोदत पुढे जातो. फार उशीर झाला की पाय मांडीपर्यंत रुततात. उघड्या पडलेल्या खडकाजवळ तर पाय टाकूच नये. काळा खडक ऊन शोषून तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून वितळून पोकळ झालेला असतो. दुपारी पाणी खोलवर मुरले की थराथरांतले सांधे सुटतात, वजन मात्र वाढलेले असते. मग उतारच्या उतार खाली येऊ शकतो. उतारावरून बर्फाचे लहान गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, तर ते हिमस्खलनाची पूर्वसूचना समजावी आणि तिथून बाजूला व्हावे.

दुसरे वेळापत्रक ढगांचे. ऊन चढले की डोंगरउतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर सरकते आणि खोऱ्यातली दमट हवा तिच्यामागे ओढली जाते. वर जाताना ती थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. सकाळी निळेभोर असलेले आकाश अकरापर्यंत कापसाच्या पुंजक्यांनी भरते. पुंजके रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागले की दुपारी गडगडाट, गारा, हिमवर्षाव यांची तयारी झाली असे धरावे. त्यातच पश्चिमेकडून एखादा पश्चिमी विक्षोभ आलेला असेल, तर वादळ दुपारची वाटही पाहत नाही. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहायचा तो यासाठी.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा; साधारण तितक्या किलोमीटरवर वीज आहे. तीस सेकंदांपेक्षा कमी भरले तर धार आणि खिंड सोडून खाली उतरावे. पण सार पासवर आम्हाला अधिक भीती वाटते ती ढगात सापडण्याची. विस्तीर्ण बर्फाचे मैदान, वरून ढग, सावल्या नाहीत. चढ कुठला आणि उतार कुठला हेही कळत नाही. ताज्या बर्फाने पुढच्यांच्या पाऊलखुणा दहा मिनिटांत बुजतात.

अशा वेळी माणसे थंडीने मरतात, आणि त्यासाठी तापमान फार उतरावे लागत नाही. अंगावरचे कपडे भिजले आणि वारा सुटला, की शून्याच्या वरच्या तापमानातही शरीराची उष्णता झपाट्याने जाते. सुती बनियन आणि जीन्स पाणी धरून ठेवतात; लोकर भिजली तरी काही ऊब राखते. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की आधी हुडहुडी भरते, मग बोलणे जड होते, पाय अडखळतात. हुडहुडी आपोआप थांबली तर मूल सावरले असे समजू नका. शरीराने हार मानायला सुरुवात केलेली असते. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, वाऱ्याचा आडोसा करावा, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावे. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तराखंडात सहस्रताल परिसरात कर्नाटकातून गेलेली तुकडी परतीच्या वाटेवर हिमवादळात सापडली आणि ९ जण दगावले. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे हिमालयातही उन्हाळा, ही समजूत पालकसभेतच दूर केलेली बरी.

ओढ्यांचेही घड्याळ असते. दिवसभर वितळलेले पाणी उतरून यायला वेळ लागतो, म्हणून पूर संध्याकाळकडे चढतो; ओढे सकाळी ओलांडावेत. ओढ्यावर साचलेल्या बर्फाचा पूल खालून झिजत असतो, वरून कळत नाही.

उरले डोळे. दर १,००० मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे हनुवटीची आणि नाकाची खालची बाजूही भाजते. काळा चष्मा न घातलेल्या मुलाचे डोळे लगेच दुखत नाहीत. काही तासांनी, रात्री तंबूत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन ते रडू लागते.

पुढच्या तुकडीबरोबर शून्याखालचे अंश दाखवणारे दोन तापमापी जरूर न्या. सूर्योदयापूर्वी एक बर्फाच्या पृष्ठभागावर आडवा ठेवा, दुसरा काठीला मीटरभर उंचीवर बांधा, आणि दोन्ही आकडे मुलांना वहीत लिहायला सांगा. निरभ्र आणि ढगाळ, अशा दोन्ही रात्रींनंतरची नोंद मिळाली तर शेजारी शेजारी मांडा.