शरदातील सायकलस्वारी
मोटारीच्या टपावर सायकली बांधल्या, की सारा देश हाताशी आल्यासारखा वाटतो. परंतु शरदातील सहलीचे ठिकाण ऋतू पाहूनच ठरवावे. ऑक्टोबरात मनाली-लेह मार्गावर, 5,000 मीटरांहून उंच अशा तांगलांग ला खिंडीत हिमवर्षावाने वाट अडू शकते. तमिळनाडूत त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. सह्याद्रीत मात्र पाऊस ओसरत आलेला असतो आणि डोंगर अद्याप हिरवे असतात. वाईस मुक्काम करावा, भल्या पहाटे निघून पसरणीचा घाट चढावा आणि सुमारे 12 किलोमीटरांवरील पाचगणी गाठावी. सोबत्यांपैकी एकाने मोटार तेथे आणावी. दमलेल्याने परतताना तिच्यातच बसावे. कारण चढण पायांची परीक्षा घेते, उतार मात्र मनगटांची व सावधपणाची.