सतरंजीवरचा डाग

घरी पाहुणा आला म्हणजे आपण तांब्याभर पाणी पुढे करतो आणि सतरंजी अंथरतो. मग चहा येतो, आणि तो सतरंजीवर कधी ना कधी सांडतोच. घरातली बाई ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणते खरी, पण पाहुणा वळला की धावत जाऊन साबण नि ब्रश आणते आणि खसाखसा घासू लागते. कपबशीएवढा डाग घासता घासता ताटाएवढा होतो. म्हणजे डाग काही जात नाही, सतरंजीचा रंग तेवढा जातो.

सोलापूर जिल्हा चादरींचा. जेऊर, करमाळ्याकडे सतरंजी, घोंगडी, गादी, तक्क्या हे घराघरातले सामान; आता कोचही पुष्कळांकडे आले. या वस्तू रोज धुता येत नाहीत आणि वरचेवर घेताही येत नाहीत. म्हणून त्यांच्यावरचा डाग कसा काढावा, हे नीट समजून घेऊ.

डाग पडला की मनाला दोन प्रश्न विचारावेत: डाग कशाचा आहे? आणि वस्तू कशाची आहे, सुताची की लोकरीची? या दोन उत्तरांवर पुढचे सगळे अवलंबून असते.

तीन नियम मात्र सगळ्या डागांना लागू आहेत. पहिला, वेळ दवडू नये. ओला डाग धाग्याच्या वर असतो, वाळला की धाग्याच्या आत बसतो. दुसरा, घासू नये, टिपावे. जुने पांढरे सुती फडके घ्यावे आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे दाबत जावे. मधून सुरुवात केली तर डाग बाहेर पसरतो. तिसरा नियम असा की, कोणतेही औषध आधी उलट्या बाजूला, कोपऱ्यात लावून पाहावे. तिथे रंग सुटला तर ते औषध बाटलीतच बरे.

आता एकेक डाग घेऊ. आपला चहा दुधाचा. दुधातल्या प्रथिनावर गरम पाणी पडले की ते शिजते आणि धाग्याला धरून बसते, जसे अंडे उकळल्यावर घट्ट होते तसे. म्हणून चहा, दूध, रक्त यांवर आधी थंडच पाणी. शाळेत पोराचा गुडघा फुटला आणि सतरंजीला रक्त लागले, तर थंड पाण्यात थोडे मीठ घालून टिपावे, मग साबण.

तेलाची गोष्ट उलटी. तेलावर पाणी ओतून उपयोग नाही. त्यावर गव्हाचे पीठ, शाडूची माती किंवा अंगाला लावायची पावडर जाड भुरभुरावी, तासभर ठेवावी आणि झटकावी. तेल पिठात उतरते. राहिलेले कपडे धुण्याच्या पावडरीच्या कोमट फेसाने टिपावे. मेणबत्तीचे मेण पडले तर आधी थंड होऊ द्यावे, नखाने सोलावे, वर कोरा कागद ठेवून हलकी इस्त्री फिरवावी. मेण कागदात येते.

हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो आणि बायका घाबरतात. घाबरायचे कारण नाही. साबण अल्कधर्मी, आणि हळद अशा पदार्थात लाल होते. पाण्याने साबण काढला की पुन्हा पिवळी होते. मग वस्तू उन्हात टाकावी. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा, साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा, नंतर लिंबाचा. पोरे रसायनशास्त्र विसरणार नाहीत.

शाई दोन तऱ्हेची. दौतीतल्या पेनाची निळी शाई पुष्कळदा पाण्याने निघते. बॉलपेनाची तेलकट असते. तिला फडक्यावर स्पिरिट घेऊन टिपावे. त्या वेळी चूल, बिडी, दिवा जवळ नको. लोखंडी ट्रंकेचा गंज लागला असेल तर लिंबू आणि मीठ चोळून घटकाभर ऊन द्यावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. हा उपाय पांढऱ्या सुती कापडाला.

आता आपल्या भागातला खास डाग. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, पाणी अडले, आणि जेऊर, कंदर, वांगी या पट्ट्यात केळीच्या बागा उभ्या राहिल्या. घड कापताना जो चीक निघतो तो ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, म्हणून माणूस फसतो. त्याला हवा लागली की चिरून ठेवलेल्या वांग्यासारखा तो काळा पडतो. एकदा काळा पडून वाळला की तो पुरता निघेल असे वचन कोणी देऊ नये. म्हणून अंगावर किंवा बैठकीवर चीक लागल्याचे दिसले की तिथल्या तिथे भरपूर थंड पाणी आणि साबण. त्याहून सोपे म्हणजे बागेतले कपडे वेगळे ठेवावेत, त्या कपड्यांनी गादीवर, कोचावर बसू नये आणि गाडीच्या सीटवर जुने पोते टाकावे.

घोंगडीला वेगळा न्याय. ती लोकरीची, आणि तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते. गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की लोकर आटते, गठ्ठ होते. धुण्याचा सोडा लोकर खातो, ब्लीचिंग पावडरही खाते. घोंगडी झटकावी, ऊन द्यावे, आणि डाग पडलाच तर तेवढीच जागा थंड पाण्याने, सौम्य साबणाने टिपावी.

आता जे सांगतो ते डागापेक्षा मोठे आहे, म्हणून लक्ष द्या. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर गावात सहज मिळते. डाग जाईना म्हणून कोणी ती लावतो, वर लिंबू पिळतो, व्हिनेगर ओततो किंवा संडास साफ करायचे आम्ल टाकतो. असे कधीही करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला तोच हा वायू. बंद खोलीत तो छातीत गेला तर जिवावर बेततो. लहान मुलाने गादी भिजवली असेल तर तिथेही ही पावडर नको, कारण लघवीशी तिचा संयोग होऊनही विषारी वायू निघतो. गादी टिपून घ्यावी, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुन्हा टिपावी, आणि ऊन दाखवावे. चुकून असा वायू निघालाच तर सर्वांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि त्रास होत असेल त्याला दवाखान्यात न्यावे. सतरंजी गेली तर गेली.

शेवटी पाण्याविषयी. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साय होते, ती धाग्यात राहते आणि तिच्यावर धूळ बसते. मग महिन्याने जुना डाग परत आला असे वाटते. म्हणून साबण थोडा वापरावा आणि स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा टिपून काढावा. शक्य तर पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे. आणि वस्तू दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळल्याशिवाय घडी घालू नये, कारण ओल्या गादीला बुरशी लागली की तो डाग कोणत्याच साबणाचे ऐकत नाही.