तेलाची धार आणि सौभाग्यवतींचे गुडघे

पेरण्या आटोपल्या आणि आम्ही उभयतां देपालपूरहून केरळात गेलो. मल्याळी लोक ज्यास कर्कटकम् म्हणतात तो महिना, म्हणजे आपले आषाढ-श्रावण, तेथे तैलोपचारांचा काळ मानला जातो. कोवळमजवळच्या एका उपचार-निवासात पाच दिवस राहिलो.

निवास सुरेख, सेवकवर्ग अगत्यशील. लाकडी द्रोणीत निजवून दोघी परिचारिका अंगावर कोमट औषधी तेलाची धार धरतात. त्यास ‘पिळिच्चिल’ म्हणतात. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना उतार पडला, हे खरे. परंतु वैद्यांनी पाच मिनिटांत आटोपते घेतले. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे तिनेच आपण होऊन सांगितले, तेव्हा कोठे बाष्पस्वेद रद्द झाला!

शास्त्रोक्त पंचकर्मास पूर्वकर्म आणि पथ्य धरून आठवडे लागतात. पाच दिवसांत मिळते ती विश्रांती. पी. एस. वारियर यांनी १९०२ साली कोट्टक्कल येथे स्थापिलेल्या आर्यवैद्यशाळेत उपचारांसाठी दाखल होण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला लागतो. दुखण्यासाठी जाणाऱ्यांनी अशाच ठिकाणी जावे. समुद्रासाठी जाणाऱ्यांनी कोठेही.

घरी तिळाच्या तेलाचे मर्दन चालू आहे. जिना मात्र ती अजून कठडा धरूनच चढते.